पाऊस नाही तरी छत टपकतंय. पाणी नेमकं येतंय कुठून?

जनकगंजकर | ९ जानेवारी

मंडळी, जरा डोकं चालवायला मदत करा.

घर ग्वाल्हेरला, लष्कर भागात. खालचा मजला आजोबांच्या वेळचा, गर्डर-पटियाचा, म्हणजे लोखंडी गर्डरवर दगडी लाद्यांचं छत. त्या भिंतींवर स्लॅबचं ओझं टाकायचं नव्हतं, म्हणून वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम काढलं ते पत्र्याखाली. लोखंडी अँगल, त्यावर साधा जस्ती पत्रा, खालून पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग. दोहोंच्या मध्ये माणूस वाकून बसेल एवढी उंची मिळाली, तिथे फळ्या टाकून माळा केलाय. गौरींची पेटी, जुनी पितळी भांडी, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं तिकडे.

नाताळच्या सुमारापासून रोज सकाळी सीलिंगच्या पट्ट्यांच्या सांध्यांतून पाणी टपकतंय. आठ-साडेआठला सुरू होतं, दहा-साडेदहाला बंद. दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही. पलंगाच्या वर आणि जिन्याच्या तोंडाशी जास्त. गाद्यांना कुबट वास सुटलाय, पेटीच्या मागच्या अंगाला काळी बुरशी धरलीय.

तिघांना दाखवलं. एक म्हणतो टाकी गळतेय. दुसरा म्हणतो पत्र्यावर वॉटरप्रूफिंगचा पांढरा कोट मारा, ४५ हजार. तिसरा म्हणतो पत्राच सडलाय, सगळा बदला. त्याने आकडा सांगितल्यावर आईने चहा न विचारताच त्याला वाटेला लावलं.

पावसाळ्यातही गळतं, पण ते दुसऱ्या जागी, शेजारच्यांच्या भिंतीला पत्रा टेकतो तिथे. हे दोन्ही एकच दुखणं आहे का?


टिनपाट

माकडं. ग्वाल्हेरात छताच्या कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर माकडं.


फालका_बाजार

जयविलास महालाच्या दरबार हॉलमधली ती झुंबरं टांगण्याआधी छताची ताकद बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. आपल्याकडे तीच तपासणी माकडं रोज सकाळी फुकटात करून जातात.

पण चेष्टा सोडा, टिनपाट म्हणतात त्यात तथ्य आहे. उड्यांनी जे-हुक, म्हणजे पत्रा अँगलला धरणारे आकडे, ढिले पडतात, वॉशर फाटतात.


साइटवरचा

वॉशर फाटला तर पावसात गळेल. जानेवारीत, कोरड्या आभाळाखाली, रोज ठरावीक वेळी नाही गळणार.

जनकगंजकर, तूर्त कोणालाही एक रुपया देऊ नका. सगळ्यात आधी वेळापत्रक बघा. पावसाचं पाणी पावसानंतर येतं, काही मिनिटांत किंवा फार तर एखाद्या दिवसाने. दाबाच्या नळाची गळती असेल तर ती दिवसरात्र चालू राहते, तिला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. सांडपाण्याचा पाइप फुटला असेल तर कोणी बाथरूम वापरलं की टपकतं. टाकी वरून वाहत असेल तर मोटर चालू असताना. आणि रात्रभर साचून सकाळी पडणारं, ऊन चढल्यावर थांबणारं पाणी बहुतेक वेळा बाहेरून आलेलंच नसतं. ती घरातलीच वाफ असते, गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं.

चार गोष्टी सांगा. ढगाळ रात्रीनंतर कमी पडतं का? डाग पिवळा-तपकिरी, कडेला रेघ असलेला आहे, की नुसता ओला? टाकी कुठे आहे? आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघराची चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन हवा कुठे सोडतात?


जनकगंजकर

टाकी जिन्यावरच्या पटियावर आहे, पत्र्याच्या बाजूला. डाग पलंगावर नुसता ओला, वाळला की काहीच दिसत नाही. भिंतीकडचा पावसाळी डाग मात्र तपकिरी, कडेला गडद रेघ. ढगाळ रात्रीचं लक्ष ठेवून सांगतो. चिमणीचा पाइप वर जातो एवढं माहीत आहे. पुढे कुठे जातो ते सीलिंगच्या वर.


टाकीपुराण

सगळे उगाच शास्त्रात शिरलेत. जिन्याच्या तोंडाशी टपकतंय आणि टाकी जिन्यावर. अजून काय पुरावा हवा? माझ्या मुरारच्या घरी प्लास्टिकच्या टाकीचा खालचा नट ढिला होता, वर्षभर आम्ही छताला शिव्या घातल्या. पाणी पटियाच्या सांध्यातून सरकत सरकत दहा फुटांवर जाऊन पडायचं. पाणी पडतं तिथेच शिरतं असं नसतं.


साइटवरचा

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. बाकीचं तपासता येतं, वाद कशाला? रात्री सगळे झोपले की टाकीतून घरात येणारा व्हॉल्व्ह बंद करा, टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीशी खूण करा, सकाळी पहिला नळ सोडण्याआधी बघा. पाणी खूण सोडून उतरलं असेल तर टाकी किंवा व्हॉल्व्हच्या आधीचा जोड. एवढ्याने समाधान झालं नाही तर टाकीत कपड्यांची नीळ घाला आणि टपकणाऱ्या पाण्याखाली पांढरं फडकं ठेवा. निळं झालं तर टाकीपुराण यांना माझ्यातर्फे बेडई आणि जिलबी. नीळ घातलेलं पाणी मात्र प्यायला-स्वयंपाकाला घेऊ नका, नंतर टाकी धुऊन टाका.

दुसरी चाचणी याहून सोपी. सीलिंगची एक पट्टी काढा, पत्र्याच्या खालच्या अंगाला हातभर लांबीरुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा घ्या आणि चारी कडा टेपने घट्ट चिकटवा. सकाळी बघा. खोलीच्या बाजूने फॉइल ओलं असेल तर पाणी हवेतलं. फॉइल आणि पत्रा यांच्या मध्ये पाणी असेल तर वरून. फॉइल लावण्याआधी पत्रा कोरडा पुसून घ्या, नाहीतर आधीचंच पाणी आत अडकून फसवेल. म्हणून हे दुपारी करा.


उषाताई_दौलतगंज

आणि त्याच्याही आधी त्या खोलीच्या दिव्याचा एमसीबी पाडा! सीलिंगमध्ये एलईडी बसवलेत ना? पाणी वायरीवरून ओघळत दिव्यात उतरतं. सीलिंगची एखादी पट्टी फुगून खाली आली असेल तर तिथे पेचकसाने भोक पाडून बादली लावा. साचलेल्या पाण्याच्या वजनाने पट्ट्या एकदम कोसळतात.


चुनखडी

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं ऐका. पत्रा हा गुरांच्या गोठ्याला. माणसांच्या घरावर चुन्याचं धाबं असायचं. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तंबूंची घरं झाली, ती सगळी दगड-चुन्याची. चुन्यात गूळ घालायचे, बेलफळाचं पाणी घालायचे, बायका ओळीने बसून थापीने दिवसेंदिवस ठोकायच्या. त्या छतांतून असं सकाळी पाणी पडलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.


टिनपाट

आजोबा, तेव्हा चिमणी, गिझर आणि फॉल्स सीलिंगही नव्हतं ना.


साइटवरचा

चुनखडीकाकांचा मुद्दा खरा आहे, कारणासकट. चुना आणि दगड थोडी ओल पिऊन घेतात आणि दुपारी परत सोडतात. शिवाय ते जाड असतात, रात्रीत एवढे गार होत नाहीत. पत्रा अर्धा मिलिमीटर, तो काही पीत नाही. उघड्या आभाळाखाली तो बाहेरच्या हवेपेक्षाही तीन-चार अंश खाली जातो. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा ४-५ पर्यंत उतरला तर पत्रा शून्याच्या आसपास. खोलीतली हवा १८ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेची धरली तर तिचं पाणी साधारण ११ अंशांनाच सुटायला लागतं. म्हणजे उकळत्या डाळीवर ठेवलेलं झाकण.


उत्तरध्रुवाजवळ

मी मिनेसोटात असतो. आमच्याकडे हा राष्ट्रीय खेळ आहे, म्हणून लिहितो.

इथल्या घरांना उतरतं लाकडी छप्पर आणि त्याखाली रिकामा माळा, त्याला ॲटिक म्हणतात. उणे २० मध्ये घरातली ओलसर हवा दिव्यांच्या भोकांतून, माळ्याच्या झाकणाच्या फटींतून, भिंतींच्या डोक्यांवरून वर चढते. छपराचे खिळे आत डोकावत असतात, त्यांच्या टोकांवर आणि फळ्यांवर हिम जमतं. आठवडाभर काही कळत नाही. मग एक दिवस ऊन पडतं, सगळं एकदम वितळतं आणि लोक छपरवाल्याला फोन करतात. छपरवाला आनंदाने नवं छप्पर घालून देतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

इथले जाणकार म्हणतात, आधी खालून वर जाणाऱ्या फटी बुजवा, मग वायुवीजन बघा, छपराकडे सगळ्यात शेवटी. आणि बाथरूमचा पंखा ॲटिकमध्ये सोडलेला सापडणं हे तर इतकं नेहमीचं आहे की घर तपासणारा पहिलं तेच बघतो. साइटवरचा यांच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर लवकर शोधा.


टाकीपुराण

मिनेसोटा कुठे, जनकगंज कुठे. उणे २० मधलं औषध इथे लावताय. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.


दांडियाबाजार

बडोद्याहून. आमच्याकडे तर थंडी औषधालाही नाही, तरी हेच झालं होतं, ऑगस्टमध्ये. फॉल्स सीलिंगमधून थेंब, सगळे म्हणाले गच्ची गळते. गच्चीला बांध घालून दोन इंच पाणी दोन दिवस भरून ठेवलं, खाली एक टिपूस नाही. शेवटी लक्षात आलं की एसी लावला की तासाभराने थेंब, एसी बंद तर थेंब बंद. सीलिंगच्या वरून जाणाऱ्या तांब्याच्या नळीवरचं काळं फोमचं आवरण एका जोडापाशी उघडं पडलं होतं. आमच्या दमट हवेत उघडी गार नळी म्हणजे रात्रभर पाणी. आवरण आणि टेप, काम दोनशे रुपयांत.

म्हणून माझं मत साइटवरचा यांच्या बाजूने. आधी वेळ बघा.


जनकगंजकर | १४ जानेवारी

संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या आणि अहवाल ऐका.

टाकी: पाणी खुणेवर तसंच. नीळही घातली, फडकं पांढरं. टाकीपुराण, बेडई हुकली.

फॉइल: खालून चिंब. सोलून काढलं तर वरची बाजू आणि पत्रा कोरडा ठणठणीत.

परवा रात्री ढग होते, सकाळी जवळपास काहीच पडलं नाही. काल रात्र निरभ्र, आज पुन्हा सुरू.

आणि आज सात वाजता एमसीबी पाडून, टॉर्च घेऊन माळ्यावर डोकं घातलं. पत्र्याची खालची बाजू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थेंबांनी भरलेली. बारीक थेंब एकमेकांत मिसळून पत्र्याच्या पन्हाळीतून उताराने खाली सरकतात, आडव्या अँगलपाशी अडतात आणि तिथून ओळीने सुटतात. प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एक थेंब लोंबतोय. पलंग बरोबर एका अँगलखाली आहे, जिन्याचं तोंड दुसऱ्याखाली.

चिमणीचा चंदेरी पाइप सीलिंगमधून वर येतो आणि माळ्यात वितळलेल्या सापासारखा पडलाय, तोंड उघडं, गौरींच्या पेटीपासून हातभर. त्याच्या आसपासचा पत्रा तेलाने पिवळा. बाथरूमचा फॅनही माळ्यातच फुंकतो. गिझर गॅसचा आहे, बाथरूमच्या आत.


फालका_बाजार

चोर सोडून संन्याशाला फाशी होता होता राहिली. टाकीची जाहीर माफी मागावी.


साइटवरचा

वाह, यापेक्षा स्वच्छ तपासणी इंजिनिअरही करत नाही.

हिशेब सांगतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून सुमारे २२ लिटर पाणी. ते ज्योतीतूनच तयार होतं, भाताची-वरणाची वाफ वेगळी. चार माणसांचा श्वास, आंघोळी, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे धरले तर दिवसाला ८-१० लिटर पाणी सहज हवेत जातं. तुमच्या घरात त्यातलं बरंचसं थेट माळ्यात. सकाळी साडेसहा ते आठ आंघोळी आणि डबे, तेव्हाच पत्रा सगळ्यात गार. मग ऊन लागलं की थेंब सुटतात. तुमच्या वेळापत्रकाचा उलगडा झाला.


उषाताई_दौलतगंज

अहो, पाणी राहू द्या बाजूला! गॅस गिझर बाथरूमच्या आत? आणि त्याची हवा माळ्यात? तो आजच बंद करा. बंद बाथरूममध्ये प्राणवायू कमी पडला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. माणूस चक्कर येऊन पडतो आणि दार आतून बंद असतं. दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात. गिझर बाहेर मोकळ्या गॅलरीत न्या, नाहीतर विजेचा घ्या. पलंगावर पाणी पडलं तर गादी वाळवता येते.


साइटवरचा

ताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मीच आधी लिहायला हवं होतं ते त्यांनी लिहिलं. बाकी सगळं नंतर.


जनकगंजकर

गिझरची नळी काढून ठेवली. सध्या बादलीत रॉड.


उषाताई_दौलतगंज

रॉड काढल्याशिवाय पाण्यात हात नको. बटण बंद, मग प्लग, मग रॉड. हे सगळं पोरांना आधी शिकवा.


कोटवाला

मी याच धंद्यात आहे, म्हणून माझं म्हणणं संशयाने घ्या. पण पांढऱ्या कोटाला सरसकट नावं ठेवू नका. मेमध्ये ग्वाल्हेर ४५ च्या पुढे जातं तेव्हा पत्र्याखाली भट्टी असते, कोटाने खोली बरीच गार राहते. शिवाय स्क्रूची भोकं बंद होतात.


साइटवरचा

उन्हाळ्यासाठी मान्य. पण या दुखण्यावर कोट लावला तर हिवाळ्यात वाढेल. चकचकीत जस्ती पत्रा रात्री आभाळाकडे उष्णता कमी सोडतो, रंगवलेला बराच जास्त सोडतो. म्हणजे कोटानंतर रात्रीचा पत्रा आणखी गार. आधी आतली वाफ बाहेर काढा, मग उन्हाळ्याआधी खुशाल कोट मारा. क्रम उलटा केलात तर ४५ हजार देऊन थेंब वाढवून घ्याल.


कोटवाला

रात्रीचं हे मला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांना मेमध्येच गाठतो, जानेवारीत कोणी फोन करत नाही.


टाकीपुराण

बरं, टाकी निर्दोष. पण आता उपाय काय? वायुवीजन म्हणजे माळ्याला खिडक्या पाडायच्या म्हणताय. ग्वाल्हेरचं धुकं बघितलंय का? सकाळी समोरचा माणूस दिसत नाही. शंभर टक्के आर्द्रतेची हवा आत घेणार आणि म्हणणार पत्रा कोरडा होईल?


साइटवरचा

प्रश्न बरोबर विचारलात. टक्क्यांनी फसायला होतं. ५ अंशांची, पूर्ण भरलेली हवा एका घनमीटरमध्ये जेमतेम ७ ग्रॅम वाफ बाळगते. खोलीतली १८ अंशांची ६५ टक्क्यांची हवा १० ग्रॅम. म्हणजे धुक्यातली हवाही तुमच्या माळ्यातल्या हवेपेक्षा कोरडी आहे. धुकं असलं की पत्र्याची उष्णताही आभाळाकडे कमी जाते, त्यामुळे तो बाहेरच्या हवेइतकाच गार राहतो. खरी अडचण निरभ्र रात्रीची. तेव्हा पत्रा बाहेरच्या हवेच्याही खाली जातो आणि कितीही हवा खेळवली तरी थोडं दव धरणारच. ते पूर्ण थांबवायचं तर पत्र्याच्या खालून इन्सुलेशन हवं.


उत्तरध्रुवाजवळ

इथला जुना नियम: माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग हवेसाठी उघडा. निम्मा खाली वळचणीला, निम्मा वर आढ्याजवळ, म्हणजे हवा आपोआप चढते. खालून वाफ चांगली अडवली असेल तर तीनशेवा भागही चालतो. जनकगंजकर, तुमच्या दोन खोल्या वगैरे मिळून ४५ चौरस मीटर धरले तर ०.३ चौरस मीटर. जाळी लावाल ती यातून वजा करा, बारीक जाळी बरीच जागा खाते.

पण पुन्हा सांगतो, पाइप बाहेर काढल्याशिवाय भोकं पाडून उपयोग नाही.


टिनपाट

जाळी माकडांचा हात शिरणार नाही एवढी हवी. आमच्याकडे एक पिल्लू माळ्यात शिरलं होतं. तीन दिवस त्याची आई बाहेर बसून आमच्याकडे बघत होती. आम्हीच घर सोडून जिंसी नाला भागात मावशीकडे गेलो.


चुनखडी

आता पटलं ना? भोकं पाडा, जाळ्या लावा, फोम लावा, पंखे लावा. चुन्याला यातलं काही लागत नाही.


फालका_बाजार

काका, चुन्याचं धाबं घालणारे कारागीर आता कुठे आहेत ते सांगा. मला खरंच हवेत, आमच्या देवघराच्या पटियाचे सांधे भरायचेत. सिमेंटने भरले तर दोन वर्षांत चीर पडते.


चुनखडी

व्यक्तिगत निरोप बघा. एक जण अजून करतो. आधी म्हणेल जमणार नाही. दोनदा जा.


साइटवरचा

उपाय सांगतो, मग पावसाळी गळतीवर येऊ.

चिमणीचा पाइप गच्चीकडच्या भिंतीतून थेट बाहेर. लवचिक पाइप कमीत कमी, शक्य तिथे पीव्हीसी किंवा पत्र्याचा गुळगुळीत पाइप, उतार बाहेरच्या दिशेला, नाहीतर पाइपातलंच पाणी उलटं चिमणीत येईल. बाथरूमच्या पंख्याचा पाइप वेगळा, तोही बाहेर, तोंडाला झडप. दोन्ही एकत्र जोडू नका, तळणाचा वास बाथरूमात येतो. माळ्याच्या झाकणाला फोमची पट्टी लावा. दिव्यांची भोकं वरून बंद करा, पण दिव्याला गरम व्हायला जागा ठेवून. गाद्या खाली आणा, उन्हात टाका, पेटी भिंतीपासून सुटी ठेवा. एवढं करून आठवडाभर बघा. बहुतेक थेंब इथेच थांबतील.

राहिले तर पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटवायचा फॉइलवाला एक्सएलपीई फोम (बंद छिद्रांचा प्लास्टिकचा फोम), सांधे टेपने बंद. ग्लासवूल नुसतं सीलिंगवर पसरू नका. त्याने खोली गरम राहते पण पत्रा आणखी गार पडतो, थेंब लोकरीत मुरतात आणि वर्षभराने काळी चिकट गादी हातात येते.


इंदूरवाली_मनी

वाचनखूण साठवली. आमच्याकडे इंदूरला जुन्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं होती, सीलिंग नव्हतंच. धूर, वाफ, चिमण्या सगळं फटींतून ये-जा करायचं. सासूबाई म्हणतात तेव्हा घर श्वास घ्यायचं. सर्दीही सगळ्यांना व्हायची हे त्या सांगत नाहीत.


जनकगंजकर | ३० जानेवारी

दोन्ही पाइप बाहेर काढले. गिझर गॅलरीत नेला, फोटो ताईंसाठी टाकलाय. झाकणाला पट्टी लावली. मधल्या कडक थंडीत अँगलजवळ थोडे थेंब दिसले, पण खाली काही पडलं नाही. वळचणीला जाळीची भोकं पाडायला माणूस येणार आहे, येणार आहे, असं चाललंय.

आता भिंतीचं सांगा. तिथे पत्रा शेजारच्या भिंतीला टेकतो आणि सांध्यावर सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपरा भरणारा लेप, मारलाय. दरवर्षी तो भरतो, दरवर्षी चिरतो.


साइटवरचा

चिरणारच. सहा मीटरचा पत्रा हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर जवळपास ३ मिलिमीटर लांबतो, आणि भर दुपारी पत्रा त्याहून बराच जास्त तापतो. सिमेंट हलत नाही, पत्रा थांबत नाही. तिथे सिमेंटचं काम नाही.

भिंतीत पत्र्याच्या वर वीतभर उंचीवर आडवी खाच मारा. त्यात वाकवलेल्या पत्र्याची फ्लॅशिंग पट्टी बसवा, खाच सीलंटने भरा. पट्टीचं खालचं टोक पत्र्यावर नुसतं झाकून राहू द्या, त्याला जखडू नका. पत्रा खाली सरकेल, पट्टी जागेवर राहील. शेजारी राजी आहेत ना?


जनकगंजकर

शेजारी राजी आहेत, त्यांची अट एकच, खाच मारताना त्यांच्या बाजूचा प्लास्टर पडला तर आपण भरायचा. योग्यच आहे.


टाकीपुराण

पाणी तिथूनच शिरतंय हे कशावरून? आता मीच तपासणीच्या बाजूला आलोय.


साइटवरचा

स्वागत! पाइपने पाणी मारून बघा, पण खालून वर. आधी वळचणीजवळ दहा-पंधरा मिनिटं, आत कोणीतरी टॉर्च घेऊन. मग पत्र्यांचे आडवे जोड, मग भिंतीचा सांधा, मग त्यावरची भिंत. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. भिंत भिजवल्यावरच आत थेंब आला तर दोष सांध्याचा नाही, भिंतीच्या प्लास्टरचा. तेव्हा फ्लॅशिंग लावूनही गळेल.


जनकगंजकर | १९ जुलै

धागा वर काढतोय. फ्लॅशिंग एप्रिलमध्ये बसवलं. पाणी मारून बघितलं होतं, सांधाच होता, भिंत कोरडी. परवाच्या धो धो पावसात भिंतीकडे एक थेंब नाही. पण मध्ये एका आडव्या जोडापाशी नवीनच ओल दिसली, बशीएवढी. वारा पश्चिमेचा जोरात होता. साधा पाऊस झाला की नाही येत.


साइटवरचा

वाऱ्याने पाणी जोडात उलटं चढतंय. पत्र्यांचा एकमेकांवर चढवलेला भाग किती आहे ते मोजा. उतार कमी असेल तर वीतभरही पुरत नाही. त्या जोडातले स्क्रू सैल करा, दोन पत्र्यांच्या मध्ये ब्युटाइल टेपच्या (चिकट रबरी पट्टीच्या) दोन ओळी द्या, पुन्हा कसा. वॉशर नवे घाला. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर आहेत की पन्हाळीत? पन्हाळीत असतील तर तेही बघावं लागेल. आणि हे सगळं पाऊस उघडल्यावर, पत्रा वाळल्यावर. ओल्या पत्र्यावर पाय ठेवू नका, अँगलच्या रेषेवरूनच चाला.


दांडियाबाजार

आमच्याकडे वाड्याच्या मंगलोरी कौलांत याच वाऱ्याने पाणी शिरतं, तिथे टेप कुठे लावू?


साइटवरचा

कौलांचं वेगळं प्रकरण आहे. उतार आणि वळचणीचा फोटो टाका, वेगळ्या धाग्यात बोलू.